भोये सिस्टरांचा राग

आमच्या हॉस्पिटलात यशोदा भोये सिस्टरांना सगळे घाबरायचे. वॉर्डबॉय घाबरायचे, शिकाऊ नर्सेस घाबरायच्या, औषध कंपन्यांची माणसं तर त्यांची चाहूल लागली की जिन्याने खाली सटकायची. मीही घाबरायचे. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे हुद्द्याने त्यांच्यापेक्षा वरची. पण एंडोस्कोपीच्या, म्हणजे पोटात दुर्बीण घालण्याच्या, त्या खोलीत हुद्दे चालत नसत. तिथे सिस्टरांचं चालायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला झापलं. एक्स-रेपासून बचाव म्हणून आम्ही शिशाचा जड एप्रन घालतो. केस संपली, मी घामाने निथळत होते. एप्रन उतरवला, घडी घातली आणि खुर्चीवर टाकला.

"मॅडम, ती घोंगडी नाही."

मी वळून पाहिलं. जेमतेम पाच फूट उंची, सावळा रंग, घट्ट अंबाडा, कपाळावर आठी. वय पन्नाशीच्या आसपास. हातातली नळी पुसणं त्यांनी थांबवलं नव्हतं.

"घडी घातली की आतलं शिसं चिरतं. बाहेरून दिसत नाही. उद्या एखादी पोरगी, दोन महिन्यांची गरोदर, तोच घालून इथे उभी राहील. खुंटीला लावा."

मी लावला. सॉरी म्हणायचं राहून गेलं, कारण तोवर त्या देशमुख सरांकडे वळल्या होत्या. देशमुख सर आमचे पोटविकारतज्ज्ञ. हात असा की बघत राहावं. पण त्यांनाही सिस्टर सोडत नसत. तोंडातून दुर्बीण घालून, जठर ओलांडून, लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचायचं. तिथे पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकाच तोंडाने उघडतात. त्या तोंडातून केसासारखी तार आत सारायची. ती तार सिस्टरांच्या हातात असायची. सर कधी घाईला आले की त्या म्हणायच्या, "सर, दार वाजवा, फोडू नका."

आणि सर थांबायचे.

पित्ताचा खडा अडकून होणाऱ्या आजाराबद्दल नातेवाइकांना समजावून सांगायचं काम सरांचं. पण सरांचं बोलणं ऐकून लोक बाहेर आले की सिस्टरांना गाठायचे. सिस्टरांचं एकच ठरलेलं उत्तर असे. "दोन घरांची मोरी एक. वरच्या घरातून, म्हणजे पित्ताच्या पिशवीतून, खडा घरंगळला आणि मोरीच्या तोंडाशी अडकला. आता खालच्या घराचं पाणी कुठं जाणार? घरातच तुंबणार. स्वादुपिंडाचं पाणी साधं नसतं. ते अन्न पचवतं. तुंबलं की स्वतःलाच पचवायला लागतं. आम्ही जाऊन खडा काढतो. समजलं? आता रडणं बंद करा आणि पेशंटची आधीची कागदपत्रं आणा."

बोलणं असं दगडासारखं. पण टेबलावरचा माणूस वेगळा. आमचा पेशंट पालथा झोपलेला असतो, मान एका बाजूला वळवलेली. त्याला दिसतात ते फक्त आमचे गुडघे. भूल देण्याआधी सिस्टर त्या बाजूला जायच्या आणि चक्क फरशीवर गुडघे टेकून बसायच्या, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून. "गाव कोणतं? घरी कोण कोण? यंदा शेतात काय लावलंय?" हरसूल, पेठकडचं कुणी असलं तर त्यांची बोलीच बदलायची. त्या मूळच्या हरसूलजवळच्या एका पाड्यातल्या. मला सगळे शब्द कळायचे नाहीत, पण पेशंटच्या मॉनिटरवरचे ठोके खाली येताना दिसायचे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यात असताना मी औषध सोडायचे. कितीतरी माणसं माझ्या हातून भात लावता लावता, गाय सोडता सोडता झोपी गेली.

सिस्टरांना भडकवायला एक शब्द पुरायचा. गॅस.

निफाडकडची एक बाई आली होती, द्राक्षबागेत छाटणीला जाणारी. डोळे हळदीसारखे, अंगात हुडहुडी, पोट धरून वाकलेली. सोबत पिशवीत चुरगळलेल्या चिठ्ठ्या. सिस्टरांनी त्या एकेक सरळ करून टेबलावर मांडल्या. चारही चिठ्ठ्यांवर एकाच गावातल्या एकाच डॉक्टरची सही, चारही चिठ्ठ्यांवर गॅसची गोळी आणि सुई. केस झाली, खडे निघाले. सिस्टरांनी हातमोजे काढले आणि चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. स्पीकर लावला, का ते त्यांनाच ठाऊक. बहुतेक आम्हीही ऐकावं म्हणून.

"डॉक्टर, मी नाशिकहून भोये सिस्टर बोलते. तुमची पेशंट आमच्याकडे आहे. जेवलं की उजव्या बरगडीखाली दुखतं, पाठीत जातं, उलटी होते, असं तिने तुम्हाला चार वेळा सांगितलं. तुम्ही चार वेळा सुई दिली. एकदा तरी पोटाला हात लावला?"

 पलीकडचा आवाज चढला. "सिस्टर, तुम्ही नर्स आहात."

"हो. म्हणून तर विचारू शकते. डॉक्टर असते तर तुमचं-माझं एकमेकांना सांभाळून घेणं आलं असतं."

देशमुख सर गालातल्या गालात हसले. मीही हसले. आम्हाला वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे.

सिस्टरांचा राग फक्त उशीर करणाऱ्यांवर होता असंही नाही. उगाच घाई करणाऱ्यांवरही तेवढाच होता. शहरातल्या एका वजनदार माणसाच्या वडिलांना स्वादुपिंडाची सूज आली. खड्यामुळेच. पण ताप नव्हता, कावीळ किरकोळ होती. अशा वेळी पुष्कळदा खडा आपोआप पुढे सरकून जातो. मग दुर्बीण घालण्यात फायदा काहीच नसतो, उलट त्या दुर्बिणीनेच सूज वाढू शकते. मुलाला हे ऐकायचं नव्हतं. "आम्हाला दुर्बिणीतूनच करायचंय. आत्ता." आमचे प्रशासक त्याच्यासोबत दारापर्यंत आले. सर चुळबुळ करायला लागले. "करून टाकू या का?" असं त्यांनी मला विचारलंसुद्धा.

सिस्टर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "सकाळचं रक्त गेलंय. रिपोर्ट आल्याशिवाय मी टेबल लावणार नाही."

"सिस्टर, कोण आहेत हे माहीत आहे ना?" प्रशासक हळू आवाजात म्हणाले.

"आजोबा आहेत. सत्तरीचे. त्यांना सूज आहे, ती मला वाढवायची नाही. तुम्ही सगळे खाली थांबा."

रिपोर्ट आला. कावीळ उतरली होती. खडा गेला होता. आजोबा आठवड्याने पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन करून घरी गेले. सरांनी कपाळ पुसलं. पण त्या मुलासमोर "खाली थांबा" ऐकून घेतलेले प्रशासक ते विसरले नाहीत. आणि हेही लक्षात घ्या, त्या आजोबांच्या पिशवीच्या ऑपरेशनला सर्जनच्या यादीत जागा लगेच निघाली होती.

मंगलच्या वेळी नाही निघाली.

मंगल येवल्याची. वय चौतीस. नवरा सुनील आणि ती, दोघंही हातमागावर पैठणी विणायचे. तिला रात्रभर पोटात दुखून सकाळी ताप भरला, डोळे पिवळे झाले आणि सुनीलने शहाणपणाने इकडेतिकडे न फिरता तिला थेट आमच्याकडे आणलं. नळीत खडा, मागे पू, शिवाय स्वादुपिंडाला सूज. इथे मात्र थांबून चालत नाही. दुपारी ती टेबलावर होती.

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. "काय करता ताई?"

"पैठणी विणते."

"कोणासाठी?"

"दुसऱ्यासाठीच की ओ सिस्टर," मंगल म्हणाली आणि तेवढ्या कळांतही हसली. "आपल्याला कुठली नेसायला..."

मी औषध सोडलं.

केस सुंदर झाली. सरांनी नळीचं तोंड थोडं कापून मोठं केलं, सिस्टरांनी तार धरली, नळीत फुगवलेल्या इवल्याशा फुग्याने तीन खडे ओढून काढले आणि मागोमाग पू वाहिला. चौथ्या दिवशी मंगल वरण-भात खात होती. सिस्टर रोज वॉर्डात जाऊन तिला बघून यायच्या. ते त्यांचं काम नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी, पुढच्या केससाठी मी सिरिंजमध्ये औषध भरत होते. सर मंगलचा डिस्चार्ज लिहीत होते.

"सर, तिची पिशवी?" सिस्टर म्हणाल्या.

"सहा आठवड्यांनी बोलावलंय. सर्जनची यादी भरलेली आहे. बेडही हवाय."

"सोनोग्राफीत पिशवी मोहरीएवढ्या खड्यांनी भरलीय. कारखाना तसाच ठेवून नुसता रस्ता साफ केलाय आपण."

"सिस्टर, तोंड कापून मोठं केलंय. आता एखादा खडा आला तरी घसरून जाईल."

"जाईल. आणि नाही गेला तर?"

"क्वचित होतं तसं."

"पिशवी काढल्याशिवाय सोडू नका, सर. याच मुक्कामात काढा. मी सर्जनशी बोलते."

"ऐकलं मी तुमचं," सर म्हणाले आणि सही केली.

त्या सर्जनकडे गेल्या. सर्जनना भेटायला वेळ नव्हता. त्या पुन्हा सरांकडे आल्या, पुन्हा तेच बोलल्या. संध्याकाळी लिफ्टपाशी, दरवाजा अडकला होता तेव्हा, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मी तिथेच होते. मंगल दुसऱ्या दिवशी घरी गेली.

चौथ्या आठवड्यात ती परत आली. ओळखू आली नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं, श्वास धापांनी चाललेला, हातपाय गार. सरांनी तातडीने दुर्बीण घातली. एक खडा निघाला, ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नसेल. तो त्या मोठ्या केलेल्या तोंडाशीच अडकला होता. क्वचित होतं ते झालं होतं. पण घर जळून गेल्यावर मोरी मोकळी करून काय उपयोग? स्वादुपिंड सडलं, मग मूत्रपिंडं थांबली, मग फुप्फुसं. तिच्या घशात श्वासाची नळी मीच घातली. अकरा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. बाराव्या दिवशी सकाळी, वॉर्डात नाश्त्याच्या गाड्या फिरत असताना, ती गेली.

सुनील आयसीयूबाहेर डिस्चार्जचा कागद हातात धरून उभा होता. पुढच्या तारखेभोवती कुणीतरी निळ्या पेनाने गोल केला होता.

"आजपासून सहा दिवसांवर होतं ऑपरेशन," तो म्हणाला. "आम्ही समदं पथ्य पाळलं मॅडम. घरात तेल बंद केलं. पोरांचंबी बंद केलं. मग कसं काय?"  मग तो स्वतःशीच म्हणाला, "मागावर तिचा पदर अर्धा हाय. माझा हात लागला तर वीण बदलंल."

भोये सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. सरळ खाली गेल्या आणि लेखी अर्ज दिला: या मृत्यूची चौकशी करा.

चौकशी झाली. म्हणजे बैठक झाली. प्रशासक, देशमुख सर, सर्जन, सिस्टर आणि मी. चहा होता, बिस्किटं होती. सर्जननी सांगितलं की यादी भरलेली होती. सरांनी सांगितलं की दुर्बिणीचा उपचार योग्यच होता, आणि ते खरंही होतं. मग प्रशासकांनी चष्मा काढला.

"सिस्टरांचं म्हणणं असं की डिस्चार्जच्या आधी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सर, आठवतं तुम्हाला?"

सर टेबलाकडे बघत म्हणाले, "रोज बरंच बोलणं होतं. नेमकं सांगता येणार नाही."

"मॅडम, तुम्हीही खोलीत होतात ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरांनी मात्र नाही. त्यांना बघायची गरज वाटली नसावी. त्यांनी गृहीतच धरलं होतं की मी सांगणार.

मला सगळं आठवत होतं. सरांचं "क्वचित", सिस्टरांची "मोहरी", लिफ्टचा अडकलेला दरवाजा. मला धमकी दिली नव्हती. नोकरी जाईल असं कुणी सुचवलं नव्हतं. फक्त सरांच्या केसेस मी करत होते, सर चांगले होते, आणि समोर चहा गार होत होता.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

सिस्टरांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही असं पहिल्यांदाच पाहत होते.

बैठकीच्या नोंदीत "दुर्दैवी गुंतागुंत" असं लिहिलं गेलं. सिस्टरांवर "वरिष्ठांशी उद्धट वर्तन" असा शेरा आला आणि त्यांची बदली ओपीडीच्या इंजेक्शन खोलीत झाली. अख्ख्या नाशकात त्या तारेवर ज्यांचा हात इतका बसला असेल अशी माणसं बोटांवर मोजण्याएवढी असतील, त्या बाईंना आम्ही टिटॅनसच्या सुया टोचायला बसवलं. मी एकदा तिथून जात होते. चुकवून जाणार होते, पण त्या बाहेरच आल्या.

"मॅडम, तुम्हाला खरंच आठवत नसतं ना, तर मला काही वाटलं नसतं."

एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आम्हीही आग्रह केला नाही.

नंतर काही महिन्यांनी दुर्बिणीच्या खोलीबाहेर एक सूचना लागली. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आलेल्या पेशंटची पित्ताची पिशवी शक्यतो त्याच मुक्कामात काढावी. त्यासाठी सर्जनच्या यादीत दर आठवड्याला दोन जागा राखीव. देशमुख सरांनीच आग्रह धरला होता म्हणे. त्यांनाही झोप लागत नसावी. सूचना उत्तम आहे, आजही पाळली जाते, तिच्यामुळे माणसं वाचतात. खाली सही प्रशासकांची आहे. तिच्यासमोरून जाताना दर वेळी माझ्या कानशिलांत रक्त चढतं. प्रशासकांवर चिडते, सरांवर चिडते, आणि मग चिडायला एकच माणूस उरतं, ते खुंटीवरचा एप्रन घालून आत जातं.

गेल्या वर्षी एका शिबिरात भूल द्यायला हरसूलला गेले होते. काम आटोपून निघाले तर आठवड्याचा बाजार भरलेला. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. पुढे गर्दी दिसली आणि गर्दीतून तोच आवाज.

"उतरा खाली! चार माणसं उतरा! ही काय मजेला चाललीय का नाशिकला?"

खचाखच भरलेल्या जीपसमोर भोये सिस्टर उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्यांच्या खांद्यावर एक तरुण बाई रेलली होती. तिचे पिवळे डोळे मला काचेतूनही दिसले. जीपवाला हात हलवत होता, "नाय जमनार मावशी, शीट भरल्यात."

मी गाडीतून उतरले. सिस्टरांनी मला पाहिलं. नमस्कार नाही, आश्चर्य नाही.

"मॅडम, गाडी आहे?"

"हो."

"मागचं दार उघडा."

त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. बाईची आई पुढे माझ्या शेजारी, हातात रिकामी पिशवी घट्ट धरून. मागे सिस्टर त्यांच्या बोलीत सारख्या काहीतरी विचारत होत्या, मधेच बाईची नाडी धरत होत्या. घाट सुरू झाल्यावर मी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी बैठकीत मी..."

"मॅडम, पुढे बघून चालवा. वळण आहे."

मी पुढे बघून चालवली. नाशिक येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या ते एवढंच, की खड्डे चुकवा, हिला लागतंय.

आमच्या हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. तिथल्या नव्या डॉक्टरला त्यांनी ताप कधी आला, उलट्या किती झाल्या, लघवीचा रंग कसा, सगळं तीन वाक्यांत सांगितलं. तो निमूट लिहून घेत होता. ती बाई वाचली. खडा त्याच दिवशी निघाला, पिशवी पाच दिवसांनी. पण ते नंतर. त्या दिवशी स्ट्रेचर आत गेलं आणि सिस्टर उंबरठ्याशीच थांबल्या. आत आल्या नाहीत.

"चहा तरी घ्या," मी म्हणाले.

"नको."

"मग स्टँडपर्यंत सोडते."

"तुम्ही आत जा, मॅडम. तुमची गरज आत आहे."

मी आत गेले नाही. तिथेच उभी राहिले. त्या पायऱ्या उतरल्या, फाटकाबाहेर पडल्या आणि गाड्यांकडे न बघताच रस्ता ओलांडायला लागल्या. एक मोठी पांढरी गाडी कचकन थांबली आणि तिने हॉर्न दाबला तो सोडेचना. सिस्टर रस्त्याच्या मध्यावर थांबल्या. वळल्या. त्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी सपकन हात मारला.

"हॉस्पिटल हाय समोर! माणसं मरत्यात आत! दिसत नाय?"

काच खाली आली. आतल्या माणसाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटलं. मागच्या गाड्याही गप्प झाल्या. मग सिस्टरांनी पदर खांद्यावर घेतला आणि सावकाश, अजिबात घाई न करता, उरलेला रस्ता ओलांडला.